पेपर झाल्यावर सांगते

मंगळवारी सकाळी तुम्ही आंघोळ करून आलात, गॅलरीतल्या खुर्चीवर बसलात आणि उठला नाहीत. आदल्या दिवशी आपण दोघींनी संशोधन पद्धतीचा पेपर दिला होता. गुन्ह्याच्या समाजशास्त्राचा पेपर शुक्रवारी होता. प्रशांतने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी तुमची नाडी पाहिली, मग आपलं घड्याळ पाहिलं.

आई, एवढंच लिहून मी बराच वेळ थांबले होते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "सूनबाई, प्रस्तावना पुरे. मुद्द्यावर या." रागावलात की तुम्ही मला अहोजाहो करायचात. एरवी मी सुजाता.

सासू-सुनेने एकाच वर्षी एकाच विषयात बहिःस्थ एम.ए.ला बसायचं, ही कल्पना तुमची. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथीला शिकवून निवृत्त झाला होतात. मी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक घालणारी. मला इतिहास घ्यायचा होता. तुम्ही म्हणालात, "तू इतिहास घेतलास तर माझी उजळणी कोण घेणार? आणि एका घरात पुस्तकांचे दोन संच कशाला?" प्रशांत जेवता जेवता हसला. "दोघी नापास झालात तर मी कोणाच्या बाजूने बोलायचं?" तुम्ही त्याच्या ताटात आणखी भात वाढलात आणि म्हणालात, "तू जेव."

तो एक संच आता माझ्यासमोर आहे. पुस्तकं वाचायची म्हणजे तपासायची, ही तुमची सवय सुटली नाही. लाल पेन घेऊनच बसायचात. प्रकार्यवादाच्या पानावर पुस्तक सांगतं, की थोडा गुन्हा समाजाच्या उपयोगाचाच असतो, एकाला शिक्षा झाली की बाकीचे जवळ येतात. समासात तुमचं वळणदार अक्षर: "५/१०. शिक्षा झाली त्याच्या घरी जाऊन विचारलं का?" संघर्षवादाला आठ गुण, आणि शेजारी, "मुद्दा बरोबर. उत्तर फार लांबलं." जगभरातल्या मोठमोठ्या विचारांना तुम्ही चौथीच्या पोरांसारखं उभं केलं होतं, आणि कोणालाही पैकीच्या पैकी दिले नव्हते. मी ग्रंथालयातली; पुस्तकावर पेन्सिलची रेघ दिसली तरी मला कसंतरी होतं. सुरुवातीला मी ते खोडता येईल का म्हणून बघितलंही होतं. आता त्या पुस्तकाला मी कव्हर घातलं आहे.

लेबलिंगच्या सिद्धांताच्या पानावर मात्र गुण नव्हते. मी विचारलं तेव्हा तुम्ही चष्मा काढून पुसलात.

"घरच्या पोराचा पेपर बाई तपासत नसते," म्हणालात.

आपली उजळणी दुपारी चारनंतर, मी कामावरून आले की गॅलरीत. मध्ये मेथीची जुडी, एका बाजूला पुस्तक उघडं. हात भाजी निवडत आणि तोंड प्रश्न विचारत. नमुना निवडीचे प्रकार सांग. सहभागी निरीक्षणाचे तोटे सांग. विश्वसनीयता आणि वैधता यांतला फरक मला उदाहरणाशिवाय लक्षात राहत नव्हता, तेव्हा तुम्ही माझ्या हातच्या चहाचा घोट घेतलात आणि तोंड वाकडं केलंत.

"हा बघ, तुझा चहा. रोज मोजून असाच पाणचट. म्हणजे विश्वसनीय आहे. पण ह्याला चहा म्हणायचं का? नाही. म्हणजे वैध नाही. लिहून ठेव, पेपरात उपयोगी पडेल."

मी पेपरात खरोखर चहाचंच उदाहरण लिहिलं. तुम्हाला सांगितलं तेव्हा रसवंतीतली माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्यानं हसलात. तो सोमवार होता. आपण शेवटचं एकत्र हसलो ते माझ्या चहाला.

तुमचा एक नियम होता, वर्गातून आणलेला. दोन पोरं भांडत आली की तुम्ही आधी कोण चुकलं ते विचारायचा नाहीत. एकाला म्हणायचात, ह्याचं म्हणणं काय आहे ते तू सांग. असं सांग की ह्याने मान हलवली पाहिजे. मग तुझं सांग. तोच नियम आपल्याला. रविवारी बाजू उलटायच्या. मला जे पटत नाही ते मी मांडायचं, आणि तुम्ही मान हलवेपर्यंत मांडत राहायचं. प्रकार्यवादाला मान हलली. संघर्षवादाला हलली. एका ठिकाणी कधीच हलली नाही, आणि त्याचं कारण रमेशमामा होते.

रमेशमामा तुमचे धाकटे भाऊ. सायखेड्याच्या पुढे, गोदाकाठी तुमचं माहेर. मामा कॉलेजात जायच्या वयाचे असताना नदीवरून एका शेतकऱ्याची पाण्याची मोटर चोरीला गेली. संशय मामांवर. झडती झाली, मोटर सापडली नाही, चौकीत बसवून ठेवलं आणि सोडून दिलं. गुन्हा शाबीत झाला नाही. पण त्या दिवसापासून गावात त्यांचं नाव मोटर पडलं. लहान पोरंसुद्धा मागून ओरडायची, "ए मोटर!" त्यांचं लग्न दोनदा मोडलं आणि झालंच नाही. शेवटी ते गाव सोडून अंबडला आले, एका दुकानात मोटरी वाइंडिंग करायला शिकले, आणि आज त्यांचं स्वतःचं दुकान आहे. जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार काढायची, नवी गुंडाळायची. तुमच्या गावचे लोकसुद्धा आता त्यांच्याकडेच मोटरी आणतात. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला हसावं की नाही कळेना. तुम्हीच अर्धवट हसलात आणि म्हणालात, "बघ. शिक्का खरा करून दाखवला माझ्या भावाने."

सिद्धांत असं सांगतो: कुठलंही कृत्य आपसूक गुन्हा नसतं, लोक त्याला गुन्हा म्हणतात तेव्हा ते गुन्हा होतं. एकदा शिक्का बसला की लोकांना माणूस दिसत नाही, शिक्का दिसतो. आणि हळूहळू त्या माणसालाही आरशात तोच दिसायला लागतो. हे मला पाठ होतं. पण माझं म्हणणं होतं, की शिक्का ही नंतरची गोष्ट. त्याच्या आधी काहीतरी घडलेलं असतं. त्या पहिल्या कृत्याबद्दल हा सिद्धांत गप्प बसतो.

"मोटर कोणीतरी नेलीच होती ना, आई? ज्याची गेली त्याचा ऊस वाळला असेल."

"वाळला. मी कुठे नाही म्हणते?" तुम्ही मेथीची काडी मोडलीत. "पण झडती फक्त आमच्या वस्तीत झाली. नदीकाठी बाकीची घरं नव्हती? त्यांच्याकडे मोटर लपवायला जागा नव्हती?"

"ते बरोबर आहे. पण त्याने पहिला प्रश्न सुटत नाही."

"तुझ्या पहिल्या प्रश्नावर त्याचं सगळं तारुण्य गेलं, सुजाता."

अशी ती भांडणं. आवाज चढायचे नाहीत, कारण आपल्या दोघींचेही आवाज चढणारे नाहीत. पण त्या दिवशी भाजीत काड्या जास्त जायच्या. प्रशांत ताटातल्या काड्या बाजूला काढत विचारायचा, "आज कुठला सिद्धांत होता?"

मुलाखत पद्धतीच्या सरावासाठी मी एकदा सुचवलं, की आपण रमेशमामांची मुलाखत घेऊ. प्रश्न मी तयार केले होते, खुले प्रश्न, कुठेही सूचक शब्द नाही. तुम्ही ते वाचलेत. चांगले आहेत, म्हणालात. मग कागद माझ्या हातात परत दिलात.

"रमेश तुझा नमुना नाही."

त्या आवाजात तुम्ही माझ्याशी आधी कधी बोलला नव्हतात, नंतरही नाही. संशोधनातली नैतिकता हा मुद्दा पुस्तकात दीड पानाचा आहे. मला तो त्या एका वाक्यात समजला. मी शेजारच्या मंगलताईंची मुलाखत घेतली, त्यांच्या बचत गटावर.

तरीही प्रश्न माझ्यातून जात नव्हता. सोमवारी पेपर देऊन आपण बाहेर आलो, रसवंतीत बसलो. ऊन होतं. तुम्ही खुशीत होतात. जास्तीच्या पुरवण्या घेतल्या होत्यात आणि मी किती घेतल्या ते दोनदा विचारलंत. पर्यवेक्षकांनी तुम्हाला "आजी, सावकाश" म्हटलं, त्याचा राग अजून गेला नव्हता. "माझ्या हाताखालून गेलेला असेल तो," म्हणालात. चहाच्या उदाहरणावर हसून झालं. मग मी शुक्रवारची उजळणी म्हणून तुमची बाजू मांडायला घेतली. तुम्ही रस पीत ऐकत होतात. शिक्का, माणूस, आरसा, वस्तीतली झडती, सगळं मी मांडलं.

"दहापैकी सहा," म्हणालात. "सगळं पुस्तकातलं आहे. मान नाही हलत."

तेव्हा मी विचारलं. घरात कधी विचारलं नव्हतं, तिथे त्या रसवंतीच्या घुंगरांच्या आवाजात विचारलं. "आई, मामांनी ती मोटर चोरली होती का?"

तुम्ही ग्लास खाली ठेवलात. रागावला नाहीत. रुमालानं ओठ टिपले आणि म्हणालात, "पेपर झाल्यावर सांगते."

तुमच्या तोंडचं ते नेहमीचं वाक्य. प्रशांत लहानपणी काही मागायचा तेव्हाही हेच म्हणायचात म्हणे, आणि झाल्यावर खरंच सांगायचात. म्हणून मी पुन्हा विचारलं नाही. रिक्षात बसल्यावर तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं टेकलंत. थकलात का, मी म्हणाले. नाही, म्हणालात, ऊन लागतंय.

मंगळवारी संध्याकाळी अमरधाम स्मशानातून सगळे परतले. बुद्धवंदना झाली. घरात पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटली होती आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तुमची पिशवी तिथेच खुंटीला होती, आत पॅड, दोन पेनं, खडीसाखरेची पुडी, हॉल तिकीट. प्रशांतच्या काकींनी माझी नजर बघितली.

"आता ते परीक्षेचं खूळ राहू दे बाई," त्या म्हणाल्या. "सासूचा जलदान विधी व्हायचाय, अन् सून पेपराला गेली, असं नको व्हायला. लोक नावं ठेवतील."

काकी वाईट नाहीत, तुम्हाला माहीत आहे. त्यांनीच त्या दिवशी सगळ्यांना चहा केला. मलाही जायचं नव्हतं. पुस्तक उघडलं की लाल अक्षर समोर यायचं. प्रशांतला विचारलं. तो म्हणाला, "आई असती तर काय म्हणाली असती ते तुला जास्त माहीत. मला तिने कधी एवढा वेळ दिला नाही." तक्रार नव्हती ती. त्याने तोंड भिंतीकडे केलं.

शुक्रवारी सकाळी रमेशमामा आले. दुकान उघडलं नव्हतं. दारातच उभे राहिले, त्यांच्या हातांना असतो तो वार्निशचा वास आला.

"चल. गाडी आणलीय."

"मामा, मी नाही जात."

"अक्कानं वर्षभर भाजी निवडली ती कशापायी? चल." मग काकींकडे बघून म्हणाले, "वहिनी, नावं ठेवायची तर मला ठेवा. मला सवय हाय."

काकी एकदम हसल्या, आणि हसता हसता रडल्या, आणि मला म्हणाल्या, "जा गं."

वाटेत सिग्नलला गाडी थांबली. मामा मागे न बघता बोलले.

"तू अक्काला विचारलं व्हतंस म्हणं. माझ्याबद्दल."

मला गाडीवरून उतरावंसं वाटलं. "तुम्हाला सांगितलं त्यांनी?"

"सोमवारी सांजच्याला फोन केला व्हता. म्हणली, सुनेनं विचारलंय. मी म्हणलो, मग काय सांगशील? तर हसली. म्हणली, पेपर होईस्तोवर सुचंल काहीतरी."

"सुचेल म्हणजे?"

"तिला तरी कुठं माहिती?" सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजले, मामांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. "फौजदारानं विचारलं. आमच्या बापानं विचारलं, कमरेचा पट्टा काढून. दोस्तांनी विचारलं, लय हसून हसून. ज्याची मोटर गेली त्या मळेवाल्यानं तर विचारलंच नाय, सांगूनच टाकलं. चौकीतून सुटलो तसा रातच्याला गावात नाय गेलो, पहाटं अक्काच्या दारी आलो. तेव्हा ती नवीन मास्तरीण, भाड्याची खोली. दार उघडलं, माझ्याकडं बघितलं. म्हणली, हात धू, जेवायला बस."

"आणि नंतर?"

"नंतर बी नाय. आजपतुर नाय. कधीच नाय विचारलं."

एक बस आमच्या शेजारून गेली. मामांनी मान वळवली, पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"आता ती नाय. तुला पाहिजे असंल तर मी सांगतो. खरं काय ते."

आई, मी वर्षभर ज्या प्रश्नाचं उत्तर मागत होते ते त्या वेळी माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. ते मिळालं असतं तर माझी बाजू पक्की तरी झाली असती, किंवा कोसळली तरी असती. मला ते हवं होतं. हवं नव्हतं असं मी इथे लिहिणार नाही. तुम्ही लगेच लाल रेघ ओढाल. पण मामांचे दोन्ही हात गाडीच्या दांड्यावर घट्ट होते. वार्निशने पिवळी झालेली नखं मला दिसत होती. मला तुमची भाड्याची खोली दिसली, जी मी कधी बघितलेली नाही.

"उशीर होतोय, मामा," मी म्हणाले. "पेपर आहे."

त्यांनी गाडी सुरू केली.

आपले बैठक क्रमांक लागोपाठचे. माझ्या पुढचा बाक तुमचा. सोमवारी पाठमोऱ्या तुम्ही दिसत होतात, अंबाड्यात खोचलेलं पेन, पेपर लिहिताना डावीकडे कललेली मान. पर्यवेक्षक तेच होते. त्यांनी रिकाम्या बाकापाशी थांबून विचारलं, "आजी नाही आल्या?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी तक्त्यावर लाल शाईनं गैरहजर लिहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांची हजेरी घेतलेल्या तुम्ही. मला उठून त्यांना सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही, त्यांचंही काम होतं ते.

प्रश्न आला होता. लेबलिंगचा सिद्धांत स्पष्ट करा व त्याचे मूल्यमापन करा. मी तुमची बाजू लिहायला सुरुवात केली आणि पुस्तकातली वाक्यं येईनात. मग जी आली ती लिहिली. मर्यादांमध्ये माझी बाजू एका परिच्छेदात लिहिली, ऊस वाळलेल्या शेतकऱ्यासकट. ती मी सोडलेली नाही.

मामा बाहेर निंबाखाली गाडीवर बसून होते. सगळा वेळ तिथेच होते, असं पाणीवाल्याने सांगितलं.

"काय विचारलं व्हतं?"

मी सिद्धांताचं नाव घेतलं नाही. म्हणाले, "माणसानं काही केलं की नाही हे कळायच्या आधीच लोक त्याला नाव देतात. मग तो जन्मभर त्या नावाला ओ देत राहतो. पण एखादं घर असं असतं जिथं ते नाव उंबऱ्याच्या आत येत नाही. तेवढ्या एका घराच्या आधारानं माणूस माणूस राहतो. असं लिहिलं."

मामा जमिनीकडे बघत ऐकत होते. मग त्यांची मान हलली. एकदाच, सावकाश, तुमच्यासारखीच डावीकडे कललेली.

"पुस्तकात हाय हे?"

"शेवटचं नाही."

"मग मार्क देतील का?"

"माहीत नाही."

"बस गाडीवर."

जलदान विधी रविवारी झाला. सोमवारी मी सिद्धांतांचा पेपर दिला. तो बरा गेला. काकींनी मला डबा करून दिला होता.

आता उजळणी नाही. मेथी प्रशांत निवडतो, काड्या तशाच राहतात. पुस्तकांचा संच एरवी कपाटात असतो. लेबलिंगच्या पानाला गुण नाहीत, मीही दिलेले नाहीत. तुमच्याशी माझा वाद मिटलेला नाही, आई. पहिल्या कृत्याला महत्त्व असतं, असं मला आजही वाटतं. रविवारी मामा येतात. मी दार उघडते आणि म्हणते, हात धुवा, जेवायला बसा. ते बसतात. मी वाढते.